कोपरा मिळाला, पण एकच

आमच्या हॉलला चार कोपरे आहेत असं बिल्डरच्या नकाशात दिसतं. प्रत्यक्षात एकात मेन डोअर उघडतं, दुसऱ्यात बाल्कनीचं स्लायडिंग येऊन संपतं, तिसरा ईशान्य म्हणून तिथं आईचं देवघर, आणि चौथ्यात गेली सहा वर्षं बायकोचं शिलाई मशीन होतं. होतं म्हणतोय कारण दोन महिन्यांच्या वाटाघाटींनंतर ते बेडरूममध्ये गेलं आणि तो कोपरा मला मिळाला. आता तिथं माझा भोंगा, म्हणजे गाणी ऐकायला बनवून घेतलेला स्पीकरचा बॉक्स, उभा आहे. बरेच जण विचारतायत की एवढा कोपऱ्याचा हट्ट कशाला, बॉक्स कुठंही ठेव की, म्हणून लिहितोय.

भोंगा म्हणलं की आपल्याला देवळावरचा पत्र्याचा कर्णा आठवतो. त्याचं काम साधं आहे, स्पीकरचा कागद हवेला ढकलायला जातो पण हवा इतकी हलकी की ती नुसती बाजूला सरकते, कागदाची बरीचशी मेहनत वाया. पुढं हळूहळू रुंद होणारी नळी लावली की हवेला पळायला जागा उरत नाही आणि त्याच वॉटात कितीतरी जास्त आवाज येतो. पण त्या कर्ण्यातून बेस येतो का? नाही, कारण बेसची लाट लांब असते. ६० हर्ट्झची लाट जवळजवळ ५.७ मीटर, म्हणजे आमच्या हॉलच्या लांबीपेक्षा मोठी, आणि भोंग्याच्या तोंडाचा घेर साधारण या लाटेएवढा लागतो. मोकळ्या हवेत ६० हर्ट्झसाठी हिशोब केला तर तोंड २.६ चौरस मीटर येतं. आमचं मेन डोअर याहून लहान आहे!

इथं कोपरा कामाला येतो. भोंगा जमिनीवर ठेवला की तोंड निम्मं पुरतं, मागं एक भिंत आली की त्याच्या निम्मं, दुसरी भिंत आली की अजून निम्मं. २.६ चा आठवा भाग ०.३३. म्हणजे दोन भिंती आणि फरशी मिळून भोंग्याचा उरलेला भाग फुकटात बांधून देतात, आणि तोही विटांचा, जो कधी थरथरत नाही. (जिप्समचं पार्टिशन असेल तर मात्र विसरा, ते स्वतःच वाजायला लागतं.)

हे डोकं अर्थातच माझं नाही. इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइटनं १९३० च्या दशकातच घरात कोपऱ्यात ठेवायचा भोंगा केला होता, आणि मग अमेरिकेत पॉल क्लिप्शनं घडी घातलेला, म्हणजे नळी आतल्या आत वळवलेला, भोंगा कोपऱ्यात बसवून १९४६ मध्ये क्लिप्शहॉर्न बाजारात आणला. सव्वाचार फूट उंच, पोटात १५ इंची वूफर (बेसचा स्पीकर), आणि आवाज बॉक्सच्या पाठीमागून निघून भिंतींना धरून बाहेर येतो. आर्कान्सामधलं होप हे क्लिप्शहॉर्नचं गाव, बिल क्लिंटनही त्याच गावात त्याच वर्षी जन्मला, याचा स्पीकरशी काही संबंध नाही पण मला उगाच भारी वाटतं.

मला एवढा मोठा नको होता. ८ इंची ड्रायव्हर (म्हणजे आतला मूळ स्पीकर) आणि १५० चौरस सेंटीमीटरचा गळा, म्हणजे भोंग्याचं अरुंद टोक, धरला तर ६० हर्ट्झच्या एक्स्पोनेन्शियल (ठरावीक पटीनं रुंद होत जाणाऱ्या) भोंग्याची लांबी १.४ मीटर आणि पोटातली हवा १४० लिटरच्या वर जाते. छोटा सिंगल डोअर फ्रिजच झाला की तो. मग तडजोड, तोंड ०.३३ ऐवजी ०.२ चौरस मीटरवर कापलं, लांबी १.२ मीटरवर आली आणि हवा ८५ लिटरवर. तोंड कापलं की लाट तिथून थोडी परत फिरते आणि बेस सरळ न राहता डोंगर-दऱ्या करतो, पण किती करतो हे आधी बघता येतं. हॉर्नरिस्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड मॅकबीननं केलेलं, दिसायला विंडोज ९५ च्या जमान्यातलं, पण माणूस त्यात हरवतो. त्यात कोपरा सांगायला ०.५ पाय (गणितातला π) टाकायचं. मी आठवडाभर २ पाय ठेवून म्हणजे उघड्या मैदानाचा हिशोब करून रडत बसलो होतो की बेस का दिसत नाही.

शेवटचा आकार असा, उंची ११० सेंटीमीटर, दोन्ही भिंतींना धरून ४५-४५ सेंटीमीटर, वरून बघितलं तर त्रिकोण. ड्रायव्हरच्या मागं १२ लिटरची हवाबंद पेटी, ही मोठी करायचा मोह आवरायचा, कारण खालच्या सुरांना भोंग्यातली हवा जड होते आणि मागच्या पेटीतल्या हवेची स्प्रिंग तो जडपणा खोडून काढते, पेटी सैल झाली की स्प्रिंगही सैल. आवाज आत दोनदा वळतो आणि शेवटी दोन्ही बाजूंना भिंतीलगतच्या ९ सेंटीमीटरच्या फटींतून बाहेर येतो. वळणांमुळे वरचे सूर घुसमटतात, म्हणून ३०० हर्ट्झच्या वरचं सगळं समोर लावलेल्या ४ इंची फुलरेंज स्पीकरकडे.

सुतारदादांनी ड्रॉइंग उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "साहेब, याला दार कुठंय?" म्हणलं दार नाही. "मग आत ठेवणार काय?" म्हणलं हवा. त्यांनी ॲडव्हान्स मात्र लगेच मागितला.

काम झकास केलं त्यांनी, चूक माझी होती. वरची आणि खालची फळी भिंतीला चिकटायला हवी, नाहीतर भोंगा गळतो. मी माप घेतलं भिंतीचं आणि विसरलो खालचं स्कर्टिंग, जे १२ मिलिमीटर पुढं आलेलं. बॉक्स त्याला अडून उभा राहिला आणि वरच्या फळीमागं बोट जाईल एवढी फट. वाजवलं तर डग्गा असा वाजला की जसं कुणी पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारतंय. त्यात गुण्या लावून बघितलं तर कोपराच काटकोनात नाही! एक अंशाची चूक म्हणजे ४५ सेंटीमीटरवर ८ मिलिमीटर फट, आणि आमच्या बिल्डरनं एवढी चूक उदार हातानं केलेली. शेवटी खालच्या फळीला स्कर्टिंगपुरती खाच मारली, दोन्ही फळ्यांच्या मागच्या कडांना दारा-खिडक्यांना लावतात ती स्पंजची पट्टी लावली आणि बॉक्स कोपऱ्यात दाबून बसवला. बस्स, तेवढ्यानं बेस आला. बुधवार पेठेतनं आणलेल्या छोट्या क्लास डी ॲम्प्लिफायर बोर्डावर आवाजाची खुंटी चौथाईवर असताना डग्ग्याचा घिस्सा पोटात जाणवतो.

एक त्रास आहे. कोपऱ्यात ठेवलं की खोलीचे सगळे घुमाव, म्हणजे भिंतींच्या मापामुळे जास्त घुमणारे सूर, जागे होतात, आमच्या १० फुटी रुंदीचा घुमाव ५६ हर्ट्झच्या आसपास, तिथं इक्वलायझरनं थोडं दाबावं लागतं. तेवढं चालतंय.

आता खरा प्रश्न. स्टिरिओला एकाच भिंतीचे दोन कोपरे लागतात. १९४६ मध्ये क्लिप्शला ही अडचण नव्हती, घरात रेकॉर्ड मोनोच वाजायच्या, स्टिरिओ एलपी दुकानात यायला १९५८ उजाडलं, म्हणजे बिचाऱ्यांनी एका कोपऱ्यासाठी घरात भांडण केलं असेल आणि बारा वर्षांनी दुसऱ्यासाठी परत. माझ्याकडं त्या भिंतीचा दुसरा कोपरा म्हणजे देवघर. आईला एकदा विचारून बघितलं. ती म्हणाली, "ईशान्येला जड काही ठेवू नये, आणि भोंगा तर मुळीच नाही." त्यामुळं सध्या दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो ऐकतोय. जुनी नाट्यगीतं तशीही मोनोच आहेत.