हरणाचं प्योर्क्योल्त आणि हात आखडून घातलेलं पाणी

हंगेरीत बोग्राचमध्ये (आगीवर टांगायच्या हंड्यात) काहीही लालभडक शिजताना दिसलं की बाहेरून आलेली माणसं त्याला सरसकट गुयाश म्हणतात. इथल्या लोकांच्या लेखी गुयाश हे पातळ सूप आहे. त्यात बटाटा असतो, गाजर असतं आणि ते चमच्यानं प्यायचं असतं. मला लिहायचंय ते प्योर्क्योल्तबद्दल. त्यात बटाटा नाही, दाटपणासाठी मैदा नाही, आणि पाणी असलंच तर घोट-घोट. कांदा, डुकराची चरबी, पाप्रिका (लाल मिरचीची पूड) आणि मांस एवढ्यावर तो सगळा पदार्थ उभा राहतो. मांस हरणाचं असेल तर माझ्या मते या देशात त्याहून चांगलं काही शिजत नाही.

आम्ही राहतो सेक्सार्दला. नवरा एका वायनरीच्या प्रयोगशाळेत आहे. गावाच्या पश्चिमेला द्राक्षांच्या टेकड्या आणि पूर्वेला डॅन्यूबपर्यंत पसरलेलं गेमेन्त्सचं जंगल. नदीच्या पुराचं पाणी आत येतं असं हे जंगल, विलो आणि पॉप्लरच्या झाडांचं. लाल हरणांसाठी ते प्रसिद्ध आहे. ही हरणं चांगली थोराड, पूर्ण वाढलेला नर 200 किलोच्या आसपास भरतो. सप्टेंबरमध्ये त्यांचा माजाचा काळ असतो, तेव्हा पहाटे नरांचं डुरकणं दूरवर ऐकू येतं. रानडुकरंही भरपूर.

हंगेरीच्या कायद्यानं रानातला प्राणी सरकारच्या मालकीचा. ज्या मंडळाकडे त्या भागातल्या शिकारीचा हक्क असेल, त्यानं नियमानुसार केलेली शिकार त्या मंडळाची होते. मांसाची तपासणी होते, आणि त्यातलं बरंचसं परदेशात जातं. त्यामुळे दुकानात हरणाचं मांस बहुधा गोठवलेलंच मिळतं. ज्यांच्या घरात शिकारी आहे त्यांचा फ्रीजर मात्र हिवाळाभर भरलेला. आमच्या शेजारच्या घरातले बाची (वडीलधाऱ्या पुरुषाला इथे सगळे बाचीच म्हणतात) अशाच एका शिकारमंडळात आहेत, आणि हा पदार्थ मी त्यांच्या मागे उभी राहून शिकले.

कुठला भाग घ्यायचा, हा पहिला प्रश्न. पाठीचा मऊ भाग यात घालू नये. तो तव्यावर पटकन भाजून खायचा असतो, तीन तास शिजवला तर त्याचा चोथा होतो. प्योर्क्योल्तला हवी पायाची नळी, नाहीतर खांदा, नाहीतर मान. म्हणजे ज्या स्नायूंनी हरणाला आयुष्यभर पळवलं ते. हरणाच्या मांसात चरबीचे धागे जवळजवळ नसतातच, पण या भागांत कोलॅजन पुष्कळ असतं. मंद आचेवर तासन्‌तास शिजलं की ते विरघळून रश्श्यात उतरतं आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो. वरचा पांढरा चिवट पापुद्रा तेवढा धारदार सुरीनं काढून टाकायचा, आणि तुकडे मोठे ठेवायचे, तीन-चार सेंटिमीटरचे. लहान तुकडे आधी कोरडे होतात आणि मग त्यांचे धागे सुटतात.

मांस आधी मुरवायचं का, यावर इथल्या घराघरांत मतभेद आहेत. जुन्या पद्धतीत ते व्हिनेगर किंवा वाइन, कंदमुळं आणि तमालपत्राच्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवत. शीतगृहं नव्हती, जंगलातून स्वयंपाकघरात येईपर्यंत मांसाला दर्प यायचा, तेव्हा ते ठीकच होतं. आता मांस लगेच थंड केलं जातं, नीट टांगून मुरू दिलं जातं. अशा मांसावर व्हिनेगर ओतणं मला अन्याय वाटतो. हरणाच्या मांसाला स्वतःची एक गोडसर, लोहाच्या अंगाची चव आहे आणि मला तीच हवी असते.

आता कांदा. बाचींचं पहिलं वाक्य हेच होतं, ‘‘पोरी, मांसाच्या निम्मा कांदा. त्याहून कमी घालणार असशील तर दुसरं काहीतरी कर.’’ दीड किलो मांसाला पाऊण किलो कांदा, अगदी बारीक चिरलेला. त्यातला एक तुकडासुद्धा शेवटी दिसायचा नाही, सगळा विरघळून रस्सा दाट करणार. मैदा लागत नाही तो यामुळेच. मी विचारलं होतं, ‘‘बाची, तुम्ही मिक्सरमधून का नाही काढत?’’ तर म्हणाले, वाटलेला कांदा परतला जात नाही, नुसता उकळतो. खरं आहे ते. पाणी सुटलेल्या वाटणाला तो सोनेरी गोडवा येत नाही.

स्निग्धासाठी डुकराची चरबी हवीच. मी शंभर ग्रॅम धुरी दिलेली सालोना (डुकराच्या चरबीचा खारवलेला तुकडा) बारीक कापून जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर वितळवते आणि वर दोन चमचे साधी चरबी घालते. मांगालित्सा जातीच्या कुरळ्या केसांच्या डुकराची मिळाली तर उत्तमच. हरणाच्या अंगात जे नाही ते इथे बाहेरून द्यावं लागतं. तेलात केलेलं प्योर्क्योल्त मी खाल्लंय. रंग येतो, पण तोंडात भरत नाही. कांदा या चरबीत वीस-पंचवीस मिनिटं, घाई न करता, मधाच्या रंगावर येईपर्यंत परतायचा.

आणि मग भांडं आचेवरून खाली. ही पायरी मी कोणालाही वगळू देणार नाही. पाप्रिकेत साखर असते, कडकडीत चरबीत ती क्षणात जळते आणि कडवट होते. मग भांड्यात काहीही घाला, तो कडवटपणा जात नाही. पण रंग उतरायला चरबी तर लागते, कारण तो रंग पाण्यात विरघळणारा नाही. म्हणून भांडं खाली उतरवायचं, दोन श्वास थांबायचं, तीन भरगच्च चमचे पाप्रिका घालून पटापट ढवळायचं आणि लगेच अर्धी वाटी पाणी. सबंध पदार्थात एका वेळी एवढं पाणी पडतं ते इथेच.

तीन चमचे ऐकून घाबरू नका. ही पाप्रिका गोड असते. मिरचीचा तिखटपणा आतल्या पांढऱ्या शिरांमध्ये असतो. 19व्या शतकात सेगेदमध्ये शिरा आणि बिया काढून दळायची रीत आली, आणि मग ती चिमटीनं घालायच्या ऐवजी चमच्यानं घालता येऊ लागली. आज सेगेद आणि कालोचा ही दोन नावं पाकिटावर दिसली की लोक निश्चिंत होतात. मी पाकिटावरचं नाव पाहण्याऐवजी वास पाहते: ताज्या पाप्रिकेला वाळलेल्या फळासारखा गोड वास येतो. वर्षभर उघडी राहिलेली पूड विटकरी पडते आणि तिला गवताचा वास लागतो. ती टाकून द्यावी. तिखट हवं असेल त्यानं पानात वरून हिरवी मिरची चिरून घ्यावी, इथे तशीच पद्धत आहे.

आता मांस, मीठ, ठेचलेला लसूण, एक चमचा कॅरवे (जिऱ्यासारखं दिसणारं बी), ठेचलेले सहा-सात जुनिपरचे दाणे, दोन तमालपत्रं. जुनिपर शिकारीच्या मांसालाच घालतात, गोमांसाच्या प्योर्क्योल्तला नाही. पाइनच्या रानासारखा त्याचा वास हरणाला शोभतो, पण दाणे वाढवलेत तर औषधी लागेल. झाकण ठेवून आच बारीक करायची. मांस स्वतःचंच पाणी सोडतं आणि पहिला पाऊण तास त्यातच शिजतं.

यानंतरचं सगळं कानावर आहे. झाकण काढायचं आणि आच थोडी वाढवायची. आधी भांडं रटरटत असतं. पाणी आटत जातं, आवाज बदलतो आणि एका क्षणी रटरट थांबून चुरचुर सुरू होते. बुडाशी लाल चरबी मोकळी झालेली दिसते, मांस आणि कांदा पुन्हा परतले जाऊ लागतात. इथे मिनिटभर धीर धरायचा. बुडाला तांबूस थर धरू लागला की घोटभर गरम पाणी घालून तो थर खरवडून घ्यायचा आणि झाकण. अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा तेच. आटवायचं, परतायचं, घोटभर घालायचं. दर फेरीला रश्श्याचा रंग गडद होतो. पाणी एकदम ओतून झाकून ठेवलं तरी मांस शिजेल, मऊही होईल, पण ते उकडलेलं मांस होईल, आणि लाल पाण्यात तरंगेल. या पदार्थाची सगळी चव त्या पुन्हापुन्हा परतण्यात आहे. मी पाहुण्यांना हे सांगते तेव्हा पुष्कळांना हा खटाटोप वाटतो. मला तो वाटत नाही. त्या तीन तासांत दुसरं काम घेऊन स्वयंपाकघराबाहेर जायचं नाही, एवढंच.

वाइन दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत, पाण्याऐवजी. एकूण दोन डेसी (200 मिलिलिटर) पुरे. सेक्सार्दची कादारका ही लाल वाइन हलकी आणि मसालेदार असते. तिच्यात हरणाची चव झाकली जात नाही. कादारका नसेल तर केकफ्रांकोश, तीही लाल वाइनच. नवरा म्हणतो, जी प्यायला चांगली तीच घाल, आणि त्याचं बरोबर आहे, कारण आटल्यावर वाइनमधला दोषही आटून दाट होतो. वाइन घातली की तिचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत पुढचं पाणी घालायचं नाही. एक टोमॅटो आणि एक फिकट पिवळी गोड मिरची मी याच सुमाराला टाकते, अर्धी चिरून.

तरुण हरीण अडीच तासांत होतं, म्हाताऱ्याला चारही लागतात. घड्याळ पाहू नये. तुकडा चमच्याच्या कडेनं दाबल्यावर तुटला की झालं. रस्सा अंगासरशी राहायला हवा, दाट, चकाकता, वर लाल तवंग असलेला. शेवटी चुरडलेला मार्जोरम, म्हणजे एक सुवासिक वाळलेला पाला. सावर क्रीम (आंबवलेली साय) घालू नका. ते घातलं की तो पाप्रिकाश होतो, आणि तो कोंबडीला किंवा वासराच्या मांसाला बरा.

सोबत नोकेद्ली, म्हणजे पातळसर पीठ खिसणीवरून उकळत्या पाण्यात पाडून केलेले छोटे गोळे. तारहोन्या, म्हणजे पिठाचे वाळवलेले बारीक दाणे, तोही चालतो. पण आंबट काहीतरी हवंच, उन्हाळ्यात पावाच्या तुकड्यानं आंबवलेली काकडी, हिवाळ्यात चालामादे, म्हणजे कोबी-मिरचीचं लोणचं. इतक्या दाट, चरबीच्या रश्श्यात त्याच्याशिवाय तिसरा घास जात नाही.

रानडुकराचंही असंच करतात, पण लसूण दुप्पट आणि चरबी निम्मी, कारण त्याची स्वतःची असते. त्याच्या बाबतीत चवीआधी तपासणी. रानडुकराच्या मांसात ट्रिकिनेला नावाचा सूक्ष्म कृमी असू शकतो, म्हणून त्याची चाचणी सक्तीची आहे, आणि मांस आतपर्यंत पूर्ण शिजलंच पाहिजे. 2018 साली हंगेरीतल्या रानडुकरांत आफ्रिकन स्वाइन फीव्हरही सापडला. तो माणसाला होत नाही, पण पाळीव डुकरांच्या गोठ्यात शिरला तर सगळा कळप जातो, त्यामुळे नियम आणखी कडक झाले. बाची स्वतः शिकारी असूनही निकाल हातात आल्याशिवाय कोणाला तुकडा देत नाहीत. कोणी ओळखीतून बिनतपासणीचं रानडुक्कर देऊ केलं तर सरळ नाही म्हणा, आणि त्या दिवशी हरणाची नळी काढा.