पहिली, दुसरी आणि घर

रविवार, रात्री

उद्या शाळा. विदर्भातल्या मुलांना उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा सुट्टी जरा जास्त मिळते. २०२४ मध्ये तिकडे १५ जूनला शाळा भरल्या आणि आपल्याकडे १ जुलैला. पुण्याची माझी बहीण दरवर्षी फोनवर म्हणते, "तुमच्या पोरांची मजा आहे बुवा!" तिने नागपूरचा नवतपा, म्हणजे मे अखेरीचे ते नऊ तापलेले दिवस, पाहिलेला नाही. दुपारी दारं-खिडक्या लावून, कूलरसमोर बसवून ठेवलेली मुलं पाहिली की ही जास्तीची सुट्टी का लागते ते कळतं.

यंदा दोघंही शाळेत. लेक दुसरीत गेली, धाकटा पहिलीत बसणार. शाळा एकच, मराठी माध्यमाची, अनुदानित, मनीषनगरातल्या आमच्या घरापासून ऑटोने जवळच.

झोपेची घडी बसवायला गेल्या आठवड्यापासूनच सुरुवात केली होती. सुट्टीत अकरा-साडेअकरा सहज व्हायचे. गच्चीवर वारा सुटेपर्यंत झोपणार तरी कोण? सहा ते बारा वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात. म्हणून रोज थोडं थोडं अलीकडे आणत आज साडेनऊला दिवे बंद केले. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, हा राज्याचा नियम २०२४-२५ पासून आला, त्याचं मला मनापासून बरं वाटतं. त्याआधी सातच्या शाळेला निघालेली आमच्या गल्लीतली लहान मुलं मी पाहिली आहेत. केस विंचरलेले, पावडर लावलेली आणि ऑटोत बसल्या बसल्या मान खाली.

दप्तर भरून झाल्यावर घरातल्या काट्यावर ठेवलं. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो इतकंच वजन धरलं आहे, मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. लेकीचं वजन एकवीस किलो, दप्तर तीनच्या वर! पुस्तकं तर अजून मिळायचीच आहेत. मग एकेक वस्तू काढत गेले. खरा भार एक लिटरच्या स्टीलच्या बाटलीचा निघाला, पाण्यासकट ती एकटीच सव्वा किलोच्या पुढे. शाळेत प्यायचं पाणी चांगलं आहे हे मागेच पाहून आले होते, म्हणून अर्ध्या लिटरची साधी बाटली दिली. कंपासपेटी काढली, तिच्या जागी दोन पेन्सिली, खोडरबर आणि शार्पनरची छोटी पिशवी. लेक जरा हिरमुसली, कारण त्या पेटीला बटण दाबलं की कप्पा बाहेर येतो. ती घरी अभ्यासाच्या पाटावर राहील असं ठरलं.

मंगळवार

काल सगळं छान झालं. दारात रांगोळी, पहिलीच्या मुलांना फुलं, खाऊ, टाळ्या. बालभारतीची नवी पुस्तकं हातात मिळाली. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत ती मोफत असतात. संध्याकाळी आम्ही चौघं खाकी कागद, कात्री घेऊन बसलो आणि कव्हरं घातली. नावाच्या चिठ्ठ्या लेकीने स्वतः लिहिल्या, धाकट्याच्याही.

आज मात्र धाकटा ऑटोचा दांडा सोडेना. काल रडला नाही म्हणून मी निर्धास्त होते. पण पहिल्या दिवशी सगळं नवं असतं. रोज जायचं आहे, हे मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं आणि खरं रडू तेव्हा येतं. सासूबाई आतून आल्या. "काऊन रडून राह्यला रे बाप्पा? ताईच्या शाळेतच तर चालला तू." त्याला उचलून घेतलं नाही की पाच रुपयांचं आमिष दाखवलं नाही. नुसतं डोक्यावरून हात फिरवत उभ्या राहिल्या. ऑटोवाले काका थांबले, घाई केली नाही. शेवटी लेकीने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "मधल्या सुट्टीत मी तुझ्या वर्गाच्या दाराशी येईन." ती गेली का, ते मी दुपारी आल्याबरोबर विचारलं. गेली होती.

शाळेत काय झालं म्हणून धाकट्याला विचारलं तर "काही नाही." जेवताना विचारलं, "काही नाही." मी सोडून दिलं. संध्याकाळी पाहते तर आजीला भिंतीशी बसवून याची शाळा चालू! "हाताची घडी. तोंडावर बोट. तू का मागे पाहतेस?" मग टाळ्यांची एक लय, मग कुठलंसं बडबडगीत, मग "आता सगळ्यांनी पाणी प्या." अर्ध्या तासात त्याच्या वर्गाचा पूर्ण दिवस माझ्यापुढे उलगडला. बाई गाणं म्हणून घेतात, पाणी प्यायची आठवण करतात आणि मागच्या रांगेत कोणीतरी फार चुळबुळ करतं. मागच्या रांगेतलं ते कोण, याचा मला अंदाज आहे.

बुधवार

शेजारच्या वहिनी आल्या होत्या. त्यांच्या ओळखीच्या एक ताई पहिलीपासून ट्यूशन घेतात, महिना सातशे, रोज दीड तास. "पाया पक्का झाला की पुढे चिंता नाही," म्हणाल्या. त्यांचा हेतू चांगला आहे. मी नको म्हटलं.

पाया हवाच, पण त्याला वेळ द्यावा लागतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं. त्यातही अपेक्षा अशी आहे की तिसरीच्या अखेरीस मुलाला समजून वाचता यावं आणि साधा हिशेब करता यावा. तिसरीच्या अखेरीस! म्हणजे धाकट्याच्या हातात अख्खी तीन वर्षं आहेत. दप्तर धोरणात तर दुसरीपर्यंत गृहपाठच नको म्हटलं आहे, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास. शाळेत चार-पाच तास बसून आलेल्या सहा वर्षांच्या मुलाला पुन्हा दुसऱ्या सतरंजीवर बसवायचं, तर तो चेंडू कधी खेळणार? आणि ज्याने दिवसभर चेंडू खेळला नाही त्याचा हात पेन्सिलीवर तरी कसा ठरणार?

मला वाटतं घराने शाळेची नक्कल करूच नये. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. बाई कितीही चांगल्या असल्या तरी तीस मुलांना एकेक करून मांडीवर घेऊन वाचून दाखवू शकत नाहीत. आमच्याकडे दोन मुलं आणि तीन मोठी माणसं. जे बाईंना जमणं शक्य नाही नेमकं ते आम्हाला जमतं, मग आम्ही तेच करावं.

आमच्या घरचं काम म्हणजे रात्रीचं वाचन. जेवणं झाली, ओटा आवरला की गादीवर पंधरा-वीस मिनिटं. मी वाचते, ज्या दिवशी माझा घसा बसतो त्या दिवशी हे वाचतात. बोट शब्दाखालून फिरतं. पुस्तकं थोडी विकतची, थोडी बहिणीच्या मुलांची जुनी. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, पण झोपायच्या वेळी मोबाइल हातात घ्यायचा नाही असं ठरलं आहे, म्हणून एखादी आवडलेली गोष्ट छापून आणतो.

धाकट्याला बाराखडी बालवाडीपासून तोंडपाठ आहे. गाण्यासारखी म्हणतो. पण सुटं "नी" दाखवलं की तो मनातल्या मनात न, ना, नि असा जिना चढत जातो, ओठ हलताना दिसतात, आणि मग कुठे "नी" सापडतं. गेल्या आठवड्यात बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, वह्या घेऊन मेट्रोने घरी येत होतो. अजनी चौकला गाडी थांबली. त्याने खिडकीला नाक लावलं. अ. ज. मग ओठ हलले. दारं बंद झाली, गाडी निघाली, छत्रपती चौक यायच्या बेतात होता आणि हा ओरडला, "अजनी! ते अजनी होतं!" समोर बसलेले आजोबा हसले आणि त्यांनी त्याला टाळी दिली. त्याने वाचलेला हा पहिला शब्द, कोणी न सांगता.

मग ताईला चेव आला. आमचं स्टेशन उज्ज्वलनगर. रोजच्या येण्याजाण्यातलं नाव, पण पाटीवर तिने ते कधी नीट वाचलं नव्हतं. "उ-ज-ज-व-ल." पुन्हा "उ-जज-वल." मी एवढंच सांगितलं की दोन्ही ज अर्धे आहेत, त्यांना लगेच पुढच्याला चिकटव. फलाटावर उतरून, लोकांना वाट करून देत, ती पाटीखाली उभी राहिली. उज्-ज्व-ल. "आई, हे तर आपलंच स्टेशन!" जोडाक्षरांची धास्ती दुसरीत बऱ्याच मुलांना बसते, कारण ती फळ्यावर एकदम रांगेने येतात. रस्त्यावर ती एकेकटी भेटतात: मिष्टान्न, वस्त्र, विद्यालय, पेट्रोल. आता स्कूटरवरून जाताना दोघं पाट्या वाचतात, आणि लाल सिग्नल लवकर सुटला तर हिरमुसतात.

शुक्रवार

गणिताचं सांगायचं राहिलं. काल लेकीला बाईंनी श्रुतलेखनासारखे अंक घातले. तिने त्रेसष्टला ३६ लिहिलं, चोपन्नला ४५. बाईंनी लाल रेघ मारली नाही, नुसतं गोल केलं, हे मला फार आवडलं.

लेकीला मोजता येतं. अडचण अशी की मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि साठ नंतर, आणि लिहिताना सहा आधी लिहावा लागतो. कानाने तीन ऐकला, हाताने तीन लिहिला. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "साठ तीन" असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता! त्रेसष्ट गेलं की मराठी गेली, असं पुष्कळांना वाटलं. मला दोन्ही हवेत. बाजारात भाजीवाल्या मावशी त्रेसष्टच म्हणणार, त्यामुळे ते लेकीला यायलाच पाहिजे. पण आत काय आहे ते दिसायला "साठ आणि तीन" हा सोपा रस्ता आहे.

सासूबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, काटोलकडच्या. त्यांनी आपला बटवा काढला. दहाच्या सहा नोटा ओळीने मांडल्या, उजवीकडे एकेक रुपयाची तीन नाणी. "हे पाय, नोटा इकडं, चिल्लर तिकडं. आता लिव्ह." लेकीने नोटांखाली ६ लिहिला, नाण्यांखाली ३. मग चोपन्न. मग आजीने नुसतं "एकोणसाठ" म्हटलं आणि नोटा-नाणी तिलाच मांडायला लावली. ती अडखळली. साठच्या सहा नोटा ठेवल्या, मग एक नोट उचलून हातात धरून बसली. मी सांगणार होते, सासूबाईंनी डोळ्याने थांबवलं. बराच वेळ गेला. मग लेकीने ती नोट बटव्यात टाकली आणि नऊ नाणी मोजून काढली. संध्याकाळी कोथिंबीर आणायला, म्हणजे आमच्याकडे सांबार आणायला, पन्नासची नोट तिच्याच हातात दिली. परत आलेले पैसे तिने दुकानापाशीच मोजले, आजीसारखे तळहातावर मांडून.

पोरं आजीसारखं बोलायला लागतील, "करून राह्यलो" म्हणतील, अशी काळजी मला काही जण बोलून दाखवतात. म्हणू देत. ज्या बोलीत त्यांना रात्री गोष्ट ऐकायला मिळते, कोडी सुटतात, नोटा मोजता येतात, त्या बोलीमुळे पुस्तकातली मराठी अडणार नाही. लेक वर्गात "करत आहे" म्हणते आणि घरी "करून राह्यली" म्हणते. कुठे काय बोलायचं ते तिला कोणी शिकवलेलं नाही.

उद्या पालकसभा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. यंदा मी नाव देणार आहे. वर्गातल्या पेटीतली गोष्टींची पुस्तकं रात्रीपुरती घरी देता येतील का, हे पहिलं विचारायचं आहे. हरवली, फाटली तर पालकांनी चिकटवून, भरून द्यावीत, पण पेटीला कुलूप नको. दुसरं असं की धाकट्याच्या वर्गात अशीही मुलं आहेत ज्यांचे आईवडील दोघं अंधार पडल्यावर कामावरून येतात. त्यांना रात्री कोण वाचून दाखवणार? शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास आमच्यापैकी दोघी-तिघी थांबल्या तर बाईंची हरकत नसावी.

हे बोलत होते तेव्हा सासूबाई वाटाणे सोलत होत्या. मी विचारलं, "आई, तुम्ही याल का?"

"मले जोडाक्षर नाही वाचता येत वं."

"वाचायचं नाही. गोष्ट सांगायची."

"मंग त्याले काय लागते? येतो मी. पण खुर्ची ठेवाले सांग, खाली बसलो त उठता येत नाही."

उद्याच्या सभेत खुर्चीचंही सांगायचं आहे.