एकही सिग्नल नसलेल्या काउंटीत, आबांबरोबर तीन घाट

आबा सातारा डेपोत एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट त्यांनी किती वेळा केला असेल, याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. सप्टेंबरात ते आमच्याकडे कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला आले आणि तीन आठवडे माझ्या शेजारच्या सीटवर बसून सिग्नल मोजत राहिले. घरापासून देवळापर्यंत चौदा. एके दिवशी म्हणाले, "पोरी, इथं बिनसिग्नलचा रस्ता हाय का न्हाई कुठं?"

आहे. रस्ताच कशाला, अख्खी काउंटी आहे, म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच. कॅलिफोर्नियाच्या ५८ काउंट्यांमध्ये सगळ्यात कमी वस्तीची अल्पाइन काउंटी. २०२० च्या जनगणनेत तिथे १,२०४ माणसं होती. आमच्या गावच्या मतदार यादीत याहून जास्त नावं आहेत. क्षेत्रफळ मात्र सातशे चौरस मैलांच्या वर, आणि त्यातली बहुतेक जमीन सरकारी जंगलाची. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघंच निघालो. दोन दिवस, एक मुक्काम, तीन खिंडी. बे एरियातल्या कुणाला आईवडिलांना घेऊन असंच जायचं असेल, तर हे लिहिलेलं उपयोगी पडावं.

पहाटे साडेपाचला निघालो. स्टॉकटनपर्यंतचा रस्ता सगळ्यांच्या पायाखालचा, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिथून हायवे ८८ धरला. जॅक्सनला थांबून टाकी काठोकाठ भरा, हवा तपासा, काचेचं पाणी भरा. पुढे पंप आहेत की नाहीत या विचारात घाट चढणं बरं नाही. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण डोंगरात रेंज जाते ती तासतासभर येत नाही. खाणंही घरून न्या. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा नेला होता. दोन्ही दुपारी त्यावरच निघाल्या.

सिल्व्हर लेक, मग केपल्स लेक, आणि त्यापुढे साडेआठ हजार फुटांवर कार्सन पास. १८४४ च्या फेब्रुवारीत फ्रीमाँट हा लष्करी अधिकारी आणि त्याचा वाटाड्या किट कार्सन यांची तुकडी ऐन बर्फात इथून पलीकडे उतरली. आम्ही राहतो त्या फ्रीमॉन्ट शहराला नाव मिळालं ते याच फ्रीमाँटवरून. गाडीतून उतरल्यावर आबांना चार पावलांत धाप लागली. वयस्कर माणसं बरोबर असतील तर इथे वीस मिनिटं नुसतं बसवा, घोट घोट पाणी द्या, मग चालायला घ्या. तळहाताएवढ्या चढालाही घाई करू देऊ नका.

खिंड उतरली की होप व्हॅली. सपाट कुरण, मधून कार्सन नदीचा पश्चिमेकडचा फाटा, आणि कडेला पिवळीधमक अ‍ॅस्पेनची झाडं. वारा जवळजवळ नव्हताच, तरी प्रत्येक पान सुटं हलत होतं. आबांनी फांदीला हात न लावता वाकून पाहिलं आणि म्हणाले, "पिंपळावानी." अगदी बरोबर. अ‍ॅस्पेनच्या पानाचा देठ चपटा असतो, म्हणून जराशा झुळकीने ते थरथरतं. पांढऱ्या सालीवर काही ठिकाणी जुनी नावं आणि वर्षं कोरलेली दिसतात. शंभर वर्षांपूर्वी इथे मेंढरं घेऊन येणाऱ्या बास्क (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या) मेंढपाळांनी केलेली ती नोंद आहे. त्यात आपलं नाव घालू नका. साल एकदा चिरली की झाडाला कीड लागायला वाट मिळते.

याच दरीत टाहो सरोवराकडून येणारा हायवे ८९ आमच्या ८८ ला मिळतो. त्या तिठ्याला पिकेट्स जंक्शन म्हणतात. आबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि अर्धा तास कठड्याजवळ उभे राहून ते गाड्या बघत होते. पाहण्यासारखं काय होतं? टाहोकडून आलेली प्रत्येक गाडी स्टॉपच्या पाटीपाशी पूर्ण थांबत होती. रस्ता मोकळा असला तरी थांबायची, चाक पूर्ण थांबायचं, मग निघायची. कुणी हॉर्न वाजवला नाही. आबांनी चाकांकडे बोट दाखवलं. "बघ, बोनट खाली दबून परत वर येतंय. म्हंजे खरं थांबला." तेव्हापासून मी स्टॉपला थांबताना बोनट वर येईपर्यंत थांबते. तुम्हीही थांबा. सिग्नल नसलेल्या भागात ती पाटी हाच सिग्नल आहे, आणि समोरचा माणूस तुम्ही थांबणार हे धरूनच गाडी हाकत असतो.

सिग्नल का नाही, हेही त्यांना हवं होतं. अमेरिकेत सिग्नल बसवायचा तर त्या चौकाने ठरावीक निकष पूर्ण करावे लागतात. त्यातला एक असा: दिवसातले आठ तास, प्रत्येक तासाला मोठ्या रस्त्यावर ५०० गाड्या आणि त्याला मिळणाऱ्या रस्त्यावर १५०. ग्रामीण भागाला हा आकडा थोडा खाली आणतात. तरीही एवढ्याशा वस्तीत तो भरायचा कसा? रस्त्याचं काम चालू असलं तर एका बाजूची वाहतूक रोखायला झेंडेवाला किंवा तात्पुरता दिवा दिसू शकतो. तो दिसला तर निमूट थांबा. वळसा घालायला दुसरा रस्ता बहुधा नसतोच.

वुडफर्ड्सला ८९ उजवीकडे वळतो. याच्या आसपास, डायमंड व्हॅलीत, स्नोशू थॉम्प्सनची शेती होती. नॉर्वेहून आलेला माणूस. १८५६ ते १८७६ अशी वीस वर्षं, हिवाळ्यात हे डोंगर बंद झाले की दहा फुटी लाकडी स्की पायाला बांधून तो पाठीवर टपाल घेऊन प्लासरव्हिल ते नेव्हाडातलं जेनोआ हे नव्वद मैल जायचा. जाताना तीन दिवस, येताना दोन. सरकारने त्याला त्याचे पैसे कधीच दिले नाहीत. हे ऐकून आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टपालाची पिशवी आमच्या गाडीतबी असायची. ती कधी चुकवली न्हाई."

मार्कलीव्हिल हे काउंटीचं मुख्य ठिकाण, वस्ती दोनशेच्या आसपास. त्या मानाने १९२८ सालचं दगडी कोर्ट देखणं आहे. टेकडीवरच्या संग्रहालयात १८८२ ची शाळा आणि ओंडक्यांचा जुना तुरुंग आहे. ते हंगामातच उघडं असतं, दिवस आणि वेळ आधी बघून घ्या. चार मैलांवर ग्रोव्हर हॉट स्प्रिंग्ज. तिथली कुंडं मध्ये दीर्घकाळ बंद होती, तेव्हा आंघोळीच्या बेतावर सगळी सहल उभी करू नका. राहायच्या जागा मोजक्याच आहेत. शनिवार-रविवारचं महिनाभर आधी ठरवा. आणि जुलैत इथे घाटांची मोठी सायकल फेरी असते, तेव्हा रस्तेच बंद ठेवतात.

गावाच्या आजूबाजूला जळलेली काळी खोडं दिसतील. ४ जुलै २०२१ ला वीज पडून टॅमरॅक नावाची आग लागली, १६ तारखेला सगळं गाव रिकामं करावं लागलं, आणि विझेपर्यंत अडुसष्ट हजार एकरांहून जास्त जंगल गेलं. गाव वाचलं, काही घरं गेली. ज्या लोकांनी हे भोगलं आहे त्यांच्या दारात उभं राहून जळक्या झाडांसमोर फोटो काढू नयेत, असं मला वाटतं. शेकोटीला बंदी आहे का, हे त्या त्या आठवड्याचं बघा. सिगारेटचं थोटूक तर गाडीबाहेर जाताच कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉनिटर पास, ८,३१४ फूट. वर विस्तीर्ण माळ आणि अ‍ॅस्पेनची बेटं. चढण सोपी झाली. चूक झाली ती परत उतरताना. रस्ता रुंद, समोर कुणी नाही, म्हणून मी डी मध्येच गाडी सोडली आणि वळणावळणाला ब्रेक दाबत राहिले. तिसऱ्या-चौथ्या मैलाला आबांनी नाक वर केलं.

"वास येतोय. गाडी बाजूला घे."

मला काहीच येत नव्हता. थांबून दार उघडलं तेव्हा आला, जळक्या रबरासारखा, घशात बसणारा. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर झळ लागली. मी पाण्याची बाटली घेऊन निघाले, तर ते जवळजवळ ओरडले, "पाणी नको! तापल्या लोखंडावर पाणी घालतात व्हय?" पाण्याने डिस्क वाकडी होऊ शकते. पंचवीस मिनिटं आम्ही कडेला बसून राहिलो आणि त्यांनी मला घाटाचा पहिला धडा नव्याने दिला: ज्या गिअरनं चढायचं, त्याच गिअरनं उतरायचं. ऑटोमॅटिक गाडीतही एल किंवा मॅन्युअल असतं. उतार लागायच्या आधी ते टाकून ठेवा, इंजिनाला गाडी धरू द्या. ब्रेक मारायचा तो थोडा वेळ, नीट दाबून, आणि लगेच सोडायचा. पाय त्यावर ठेवून बसायचं नाही. माझ्याकडे पंधरा वर्षांचं लायसन्स आहे आणि हे मी त्या दिवशी शिकले.

एबेट्स पासच्या आधी हा धडा मिळाला हे फार बरं झालं. मार्कलीव्हिलच्या दक्षिणेला हायवे ४ वर लागलात की काही मैलांत मधली पट्टी संपते. रस्ता उरतो दीड गाडीचा. चढ काही ठिकाणी २४ टक्के, म्हणजे शंभर फूट पुढे जाताना चोवीस फूट वर. पंचवीस फुटांपेक्षा लांब गाडी इथे आणू नका, भाड्याची आरव्ही, म्हणजे राहायच्या सोयीची मोठी गाडी, तर मुळीच नको. वाटेत सिल्व्हर माउंटन सिटीचे अवशेष लागतात. १८६४ मध्ये काउंटी झाली ती चांदीच्या आशेवर, आणि तिचं पहिलं मुख्य ठिकाण हेच होतं. चांदीने दगा दिला, १८७५ मध्ये कचेरी मार्कलीव्हिलला गेली. आता तुरुंगाचे काही दगड तेवढे आहेत.

खिंड ८,७०० फुटांच्या वर आहे. पलीकडे हर्मिट व्हॅलीकडे उतरताना एका वळणावर खालून पिकअप आला. आंधळं वळण, डावीकडे कातळ, उजवीकडे उतार. मी थांबले. मागे दहा-बारा फुटांवर रस्ता जरा रुंद होता. कॅलिफोर्नियाचा कायदा असा की अरुंद उतारावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चढणाऱ्याची वाट आधी, उतरणाऱ्याने मागे जायचं. आपल्या घाटातला नियमही हाच. आबांनी काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि कंडक्टरसारखा हात फिरवू लागले. "येऊ दे... येऊ दे... अजून वीतभर... बास." आरसा झाडाला न लागता गाडी बसली. पिकअपवाल्या म्हाताऱ्याने जाताना वेग अगदी पायी चालण्याइतका केला, स्टेअरिंगवरची चार बोटं उचलली आणि आबांकडे बघून मान लववली. आबांनी हात जोडले. पुढचे दोन मैल त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तीन आठवड्यांत पाहिलं नव्हतं.

तर आंधळ्या वळणावर हळू, एक हॉर्न, आणि मागची रुंद जागा कुठे होती हे डोक्यात ठेवत चला. मागे गाड्या साचल्या तर टर्नआउट, म्हणजे कडेला थांबायची रुंद जागा, आला की बाजूला व्हा. पाच किंवा जास्त गाड्या मागे अडकल्या आणि पुढे काढायला सुरक्षित जागा नसली, तर बाजूला होणं कायद्याने बंधनकारक आहे. इथल्या लोकांना कामावर जायचं असतं, आपण हवा खायला आलेलो असतो.

पॅसिफिक ग्रेड ओलांडलं की मॉस्किटो लेक्स, मग लेक अल्पाइन. तळ्याकाठी दोन तास काढा, उरलेलं खाणं गाडीत उघडं ठेवू नका, अस्वलं आहेत. बेअर व्हॅली हे काउंटीतलं शेवटचं गाव. तिथून आर्नल्ड, मर्फीज, एंजल्स कॅम्प असं उतरत रात्री नऊला घरी. मार्कलीव्हिल ते बेअर व्हॅली चाळीस-एक मैल आहेत, त्याला थांबे धरून तीन तास द्या, आणि अंधार पडायच्या आत संपवा.

तारखेचं मात्र जपा. पहिल्या मोठ्या बर्फानंतर, साधारण नोव्हेंबरात, एबेट्स आणि मॉनिटर बंद होतात, ते मे महिन्याच्या आसपास उघडतात. ८८ हिवाळ्यातही चालू ठेवतात, पण चाकांना साखळ्या लागतात. निघायच्या सकाळी राज्याच्या रस्ते खात्याचा, म्हणजे कॅलट्रान्सचा, क्विकमॅप हा रस्त्यांचा नकाशा बघा. एबेट्स बंद असताना बेअर व्हॅलीच्या माणसाला आपल्याच काउंटीच्या कचेरीत कागद द्यायचा असेल, तर डोंगर उतरून, जॅक्सनवरून पुन्हा चढून, शंभर मैलांहून मोठा वळसा घालावा लागतो.