मिरी येईपर्यंत भाजी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात मिरी म्हटली की कुळागरच (सुपारीची बाग) आठवतं. पाटाचं पाणी, पोफळीची सावली, तिला बिलगलेले वेल. आमच्या वाट्याला आली ती वाळपईजवळची भरड, म्हणजे उताराची कोरडी जमीन. मोडकळलेले जुने काजू, मध्येच डोकं काढणारा जांभा आणि पाणी काय ते विहिरीचं. ‘इथे मिरी?’ असं ज्याने त्याने विचारलं. होते मिरी. पण तिला पाण्याइतकीच निचऱ्याची गरज असते, आणि भरडीला उतार आयता मिळतो.

आधी कागदपत्रं. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबाराच म्हणा) घेऊन विभागीय कृषी कार्यालयात कृषी कार्ड करून घेतलं. पंप असो की कुंपण, अनुदानाचा विषय निघाला की आधी कार्डच मागतात. माती तपासली तर आम्लधर्मी, म्हणजे जांभ्याच्या जमिनीत ठरलेलंच. पावसाआधी चुना टाकला.

रोपं आणायची घाई होतीच, पण शेजारच्या कुळागरातले काका म्हणाले, “पयलीं उदक खंय वता तें पळय, मागीर फोंड मार.” म्हणजे आधी पाणी कुठे जातं ते बघ, मग खड्डे मार. मग पहिल्या मोठ्या पावसात डोक्यावर खोळ घेऊन कुदळीसकट उभा राहिलो. वरच्या बांधाकडून येणारा लोंढा दोन जागी वळत होता आणि एका खोलगट भागात गुडघाभर साचत होता. तो भाग मिरीतून वगळला, वरच्या अंगाला चर मारले. सत्तरीच्या पावसात वेलाच्या बुडाशी पाणी थांबलं की मूळकूज आलीच समजा.

आधाराला पांगाऱ्याच्या फांद्या वळिवातच रोवल्या होत्या. वेल लावले ते त्यांच्या उत्तरेकडच्या अंगाला, म्हणजे दुपारचं ऊन थेट बुडावर येत नाही. उघड्या जागी पन्नियूर-1 ही जात, उरलेल्या काजूंच्या सावलीत करीमुंडा. मूळकुजीवरचं बुरशीनाशक, बोर्डो मिश्रण, घरीच करतो: 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना. दोन्ही वेगवेगळं भिजवून मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं, तेही प्लास्टिकच्या पिंपात. मग घासलेल्या कोयत्याचं पातं त्यात बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. पावसाच्या तोंडावर एकदा आणि मध्ये उघाड मिळाली की पुन्हा. हे काम मी कुणावर सोपवत नाही.

मिरी तिसऱ्या वर्षापासून थोडीथोडी धरते, भरात यायला सात-आठ वर्षं. तोवर खायचं काय? वेलांमधल्या जागेत भाजी. कोबी-टोमॅटोच्या नादी लागलो नाही. बेळगावच्या गाड्यांपुढे आपला टिकाव नाही. पावसाळ्यात माटव (मांडव) घालून दोडकी, काकडी केली. चवथीच्या आधी माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांचा, बाजार भरतो, तेव्हा गावठी काकडीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पाऊस सरला की तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, अळसांदे (चवळी). तांबडी भाजी महिन्याभरात जुडी बांधायला येते. मजुरी तिच्यातूनच सुटली.

खेती, म्हणजे माकडं, मात्र वैताग आणतात. काकडी अर्धी खाणार, अर्धी फेकणार. मिरचीला तेवढी हात लावत नाहीत, म्हणून माटवाच्या कडेने मिरचीच लावली. तिने खेती अडत नाहीत, पण मिरची तरी शाबूत राहते. गव्यांपुढे मात्र सौरकुंपणाशिवाय काही चालत नाही.

घोसातला एखादा दाणा तांबडा झाला की मिरी उतरवायची, मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवायची आणि उन्हात पसरायची. रंग एकसारखा काळा येतो. वाळल्यावर वजन साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं, आणि उत्साहाने हिशेब मांडणारे नेमकं हेच विसरतात. आमची पहिली मिरी बाजारापर्यंत पोचलीच नाही, पाहुण्यांतच संपली. तो खोलगट तुकडा अजून पडून आहे. पाणी ओसरल्यावर तिथे यंदा अळसांदे पेरणार आहे.