मागच्या चाकात हवा किती?

आमच्या उदगीर-देवणी पट्ट्यात पंक्चरच्या दुकानापुढं मोटारसायकल थांबली की दुकानदार विचारतो, "किती मारू?" आणि गाडीवाला म्हणतो, "मारा की नेहमीची." ही नेहमीची म्हणजे बहुतेक ठिकाणी पुढं-मागं दोन्हीकडं 40 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). गाडी कुठली, बसणारे किती, मागं ओझं काय, हे कुणी विचारत नाही. मला हे मनापासून खटकतं, म्हणून आज लिहायला बसलोय.

मी गावोगाव फिरून गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करतो. मागच्या सीटवर गोठवलेलं वीर्य ठेवायचं द्रव नायट्रोजनचं कॅन बांधलेलं असतं, पिशवीत बाकीचं सामान, आणि फोनवर कुणीतरी म्हणत असतं, "डॉक्टर, गाय माजावर आलीय, लवकर या." सकाळी माज दिसला तर संध्याकाळपर्यंत गोठ्यात पोचावंच लागतं. ती वेळ हुकली की पुढचा माज साधारण 21 दिवसांनी. तेवढे दिवस गाय भाकड बसते आणि चारा शेतकऱ्याच्या खिशातून जातो. त्यामुळं टायरमधली हवा हा माझ्या कामाचाच भाग आहे.

आकडा शोधायला लांब जायची गरज नाही. गाडीच्या पुस्तिकेत तो असतो, बऱ्याच गाड्यांवर स्टिकरही असतो. माझ्या पल्सर 150 ला पुढं 25, मागं एकट्यासाठी 28 आणि डबलसीटला 32 पीएसआय. मग 40 येतो कुठून? माझ्या मते टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यावरून. तो वाचून लोकांना वाटतं, कंपनीनंच सांगितलंय. तिथं लिहिलेला असतो तो त्या टायरचा जास्तीत जास्त भार आणि त्या भाराला लागणारा दाब. तोच टायर वेगवेगळ्या गाड्यांना बसतो, त्याला तुमच्या गाडीचं वजन काय माहीत? गाडीचा आकडा गाडी बनवणाराच सांगू शकतो.

जास्त हवेनं गाडी हलकी पळते, ॲव्हरेज वाढतं, असं सगळे सांगतात. थोडंफार खरंही आहे. पण टायर फुगला की रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो, आणि मोटारसायकलचा तो भाग मुळातच तळहाताएवढा. वलांडीकडच्या आतल्या रस्त्यांवर डांबर संपून बारीक खडी लागते. तिथं 40 च्या टायरवर ब्रेक दाबून बघा, चाक घसरतं का नाही ते कळेल. शिवाय प्रत्येक खड्डा कण्यात उतरतो आणि माझं कॅन आदळतं ते वेगळंच.

कमी हवेचं दुखणं दुसरं. पावसाळ्यात काळ्या मातीत पकड मिळावी म्हणून काहीजण 18-20 पर्यंत हवा सोडतात. ट्यूबच्या टायरला हे फार घातक. ब्रेक मारताना, गिअर टाकताना टायर रिमवर सरकतो, त्याच्याबरोबर आतली ट्यूब सरकते, पण वॉल (ट्यूबची हवा भरायची नळी) मात्र रिमच्या भोकात अडकलेला. शेवटी तो मुळातून फाटतो आणि चाक एकदम बसतं. तुमच्या गाडीचा वॉल तिरपा दिसत असेल तर आजच ट्यूब नीट बसवून घ्या. कमी हवेत टायरच्या बाजू सतत दुमडतात, त्यानं टायर तापतो; उन्हाळ्यातल्या डांबरावर, डबलसीट, हे अजून वाढतं.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो मोजायच्या वेळेत. हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. मी पहाटे अंगणातच मोजतो. पेन्सिलीसारखा साधा गेज मिळतो, तो स्वतःचा असावाच. दुकानादुकानाचे काटे वेगळं बोलतात. आता अंगणात कॉम्प्रेसर नाही आणि दुकानापर्यंत जाताना टायर तापणार, मग करायचं काय? घरी 24 दाखवलं, पाहिजे 28, म्हणजे 4 कमी. दुकानात गेल्यावर त्याच गेजवर जे दिसेल त्यात 4 वाढवायचे. तिथं 26 दिसलं तर 30 करायचे. दुपारी आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडायची नाही, तो टायर थंड झाला की खाली येतो.

ऋतूचाही हिशोब आहे. तापमान 10 अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय दाब उतरतो. मे महिन्यात 40 अंशांत बरोबर 28 भरलेला टायर डिसेंबरच्या 12 अंशांच्या पहाटे, कुठं गळत नसतानाही, 24 च्या आसपास येतो. वर ट्यूबमधून थोडी हवा जात राहते ती धरायची. थंडी सुरू झाली की मी गावातल्या पोरांना आवर्जून सांगतो, आधी हवा बघा.

नायट्रोजन भरावा का, हेही मला विचारतात, कारण तो माझ्या गाडीवर सतत असतो. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन आहे. शुद्ध भरला तर ओलावा नसतो, गळतीही जरा कमी. पण तापल्यावर दाब वाढायचा तो वाढतोच आणि मोजायचं काम सुटत नाही. त्याला जादा पैसे मोजण्यापेक्षा गेज घ्या.

ओझ्याचं मात्र मनावर घ्या. मागं बसलेला माणूस दिसतो, म्हणून लोक निदान त्याचा विचार करतात. मोंढ्यातून आणलेलं युरियाचं पोतं 45 किलोचं, डीएपीचं 50. 40 लिटरचे दोन कॅन भरले की नुसतं दूधच 82 किलो. म्हणजे मागं एक धडधाकट माणूस बसवल्यासारखंच झालं. दूधवाल्यांनी मागची हवा कायम डबलसीटच्या आकड्यावरच ठेवावी. कॅन रिकामे घेऊन परतताना गाडी जरा आदळेल, चालेल. पण वजन वाढलं म्हणून 40-45 मारू नका. गाडीची भार सोसायची ताकद हवेनं वाढत नाही, त्यापेक्षा दोन खेपा करा.

पुढच्या चाकाचं राहिलं. बऱ्याच गाड्यांना डबलसीटला मागचा आकडा बदलतो आणि पुढचा तोच राहतो, कारण वाढलेलं वजन बहुतेक मागच्या चाकावर येतं. तुमची पुस्तिका पुढच्यालाही वेगळा आकडा सांगत असेल तर तोच धरा. हवा भरून झाली की वॉलच्या तोंडाला थुंकी लावून बुडबुडा येतो का बघायचं आणि टोपण घट्ट बसवायचं. आमच्या धुळीत टोपण नसलेला वॉल लवकर गळायला लागतो.