कंसातला हशा

दुपारी जेवण झाल्यावर डुलकी लागावी म्हणून मी कधीकधी कायद्याचं काहीतरी वाचायला घेतो. उपाय सहसा फसत नाही. परवा मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या युक्तिवादाची शब्दशः नोंद हाती लागली आणि डोळे टक्क उघडले. पानंच्या पानं रुक्ष प्रश्नोत्तरं, आणि मध्येच कंसात एकटाच शब्द : हशा. पुढाऱ्यांच्या भाषणांच्या वृत्तांतात हा कंस पूर्वी हमखास भेटायचा, सोबत टाळ्याही असायच्या. कोर्टात टाळ्या नाहीत. हशा मात्र लघुलेखक टिपून घेतो, कलम-पोटकलमाइतक्याच निर्विकारपणे.

कायद्याच्या एका प्राध्यापकाने २००५ साली हे कंस चक्क मोजले. कोणत्या न्यायमूर्तींच्या बोलण्यावर किती वेळा हशा पडला, याचा हिशेब. अँटोनिन स्कॅलिया पहिले, स्टीफन ब्रेयर दुसरे. स्कॅलिया विनोदी होतेच म्हणा. पण ज्याच्या एका मताने आपली केस बुडू शकते, त्याच्या कोटीवर न हसणारा वकील मला दाखवा. साहेबांचा विनोद सगळ्यांनाच कळतो, आणि जरा लवकरच कळतो.

सुट्टीत आम्ही भावंडं कोर्ट-कोर्ट खेळायचो. न्यायाधीश कायम आतेबहीण, कारण ती थोरली आणि काळी छत्री तिच्या ताब्यात. छत्री उघडून डोक्यावर धरली की कोर्ट भरलं. आरोपी बहुधा मी. गुन्हे किरकोळ : खोडरबर कुरतडणं, इतिहासाच्या पुस्तकातल्या राण्यांना मिश्या काढणं. ताई पाटावर लाटणं आपटून 'ऑर्डर, ऑर्डर' करायची. कायदा एकच, आरोपीने हसायचं नाही. हसला की गुन्हा कबूल. मग वकील, साक्षीदार, शिपाई सगळे पुरावे बाजूला ठेवून मला हसवायच्या मागे. ताई स्वतः छत्रीआडून डोळे तिरळे करायची आणि मी फुटलो की तत्क्षणी गंभीर होऊन शिक्षा सुनवायची. एकही खटला जिंकल्याचं मला आठवत नाही.

मोठ्यांच्या कोर्टात याच्या उलट पंचाईत. तिथे आपण हसत होतो हे सिद्ध करावं लागतं. व्हर्जिनियातल्या एका गृहस्थाने १९५२च्या डिसेंबरात पिता-पिता, हॉटेलच्या बिलाच्या पाठीमागे, आपलं शेत पन्नास हजार डॉलरला विकल्याचं लिहून दिलं. बायको सही करेना, तेव्हा तिच्या कानात कुजबुजला की थट्टा चाललीय. समोरच्याला ते ऐकू गेलं नाही. तो दुसऱ्या दिवसापासून खरेदीच्या तयारीला लागला. १९५४ साली कोर्टाने सांगितलं, मनात काय होतं ते राहू द्या, कागदावर काय आहे ते बघू. शेत गेलं.

पेप्सीचं नशीब बरं. त्यांच्या जाहिरातीत एक पोरगा लढाऊ जेट घेऊन शाळेत उतरतो आणि खाली अक्षरं येतात, किंमत सत्तर लाख पॉइंट. हे पॉइंट पेप्सी पिऊन जमवायचे, कमी पडले तर विकत घ्यायचे. एका विद्यार्थ्याने पैसे जमवून चेक पाठवला आणि विमान मागितलं. मिळेना, तेव्हा कोर्टात गेला. न्यायाधीश किम्बा वूड यांच्यापुढे १९९९ साली प्रश्न आला तो असा : ही जाहिरात विनोदी का आहे? विनोद समजावून सांगणं किती अवघड असतं, हे बाईंनी निकालातच नोंदवून ठेवलं आणि मग मुद्देवार समजावलाही. आईवडिलांच्या गाडीची किल्लीसुद्धा ज्याच्या हाती द्यायला धजावणार नाही, असला हा पोरगा. शिवाय एवढे पॉइंट प्यायचे तर रोज साधारण १९० पेप्सी, शंभर वर्षं. जाहिरातीपेक्षा मला हा निकालच जास्त हसवतो. हसवण्याचा त्याचा अजिबात इरादा नाही, म्हणून असेल.

आपल्याकडेही २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे असंच एक प्रकरण आलं. एका राजकीय कार्यकर्त्याने सहलीचे फोटो फेसबुकवर टाकून वर लिहिलं, गोळीबाराच्या सरावासाठी सिरुमलैला सहल. पोलिसांनी सरकारविरुद्ध युद्धाची तयारी केल्याचं कलमसुद्धा लावलं! न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी गुन्हा रद्द केला. एखाद्या विनोदी लेखकाने हा निकाल लिहिला असता तर राज्यघटनेच्या ५१-अ मध्ये, मूलभूत कर्तव्यांत, हसण्याच्या कर्तव्याचीही भर सुचवली असती, असं त्यांनी लिहिलं. मला आवडलं. फक्त कर्तव्य म्हटलं की ताईची छत्री आठवते आणि हसू आत जातं.

निकालपत्रांतले विनोद जमवण्याचा मला नाद आहे. न्यूयॉर्कच्या अपिली कोर्टाने १९९१ साली ठरवलं की अमुक घर कायद्याच्या दृष्टीने झपाटलेलंच आहे, कारण मालकिणीनेच भुतांची जाहीर वाच्यता केली होती. आता ती नाही कशी म्हणणार? मिशिगनमध्ये झाडाला गाडी धडकल्याचा दावा कोर्टाने १९८३ साली यमकं जुळवून निकालात काढला. कविता सुमार आहे, पण अपील कवितेवर नव्हतं. ज्याचं झाड होतं तो दावा हरला. त्याला यमकं कशी वाटली असतील, हे विचारायची कोर्टात सोय नाही.

या सगळ्यांत लाडका निकाल १९७१चा, पेनसिल्व्हेनियातला. एका माणसाने सैतान आणि त्याच्या नोकरवर्गावर दावा लावला. न्यायाधीशांनी झकास लिहिलंय. सैतान या जिल्ह्यात राहतो का? त्याने इतक्या जणांना छळलंय की सगळ्यांच्या वतीने हा सामूहिक दावा चालवता येईल का? आणि समन्स बजावायचं कुठे, ते वादीने कळवलेलं नाही. मी हा निकाल कितीतरी जणांना वाचून दाखवलाय, दरवेळी हशा.

वादीचं म्हणणं त्यात दोन-चार ओळींत येऊन जातं. सैतानाने अनेकदा मला छळलं, माझ्या वाटेत मुद्दाम अडथळे घातले, माझा अधःपात केला. कोर्टाची फी भरायला पैसे नाहीत, ती माफ करून दावा दाखल करून घ्यावा, एवढीच विनंती होती. ती नामंजूर झाली.