आमची वाटचाल : सव्वा इंची भोकाचा धंदा

खान्देशात धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरे होती तोवर चिमणीचा खोपा विकत घ्यायची वेळ कुणावर आली नव्हती. कड्यांच्या सांदीत, तसबिरीमागे तिची सोय आपसूक होई. स्लॅब पडले, सांदी बुजल्या, आणि आमच्या चौकटी-दारांच्या कारखान्यात उरलेल्या सागाच्या तुकड्यांना चिमण्यांचे खोपे, म्हणजे लाकडी पेट्या, करायचे काम मिळाले. 2010 पासून 20 मार्चला चिमणी दिन होऊ लागला, तशी मागणी वाढली.

माप ठरवले ते आमच्या पहिल्या भागीदाराने, म्हणजे मिस्तरींनी. तळ आतून सहा बाय सहा इंच, उंची पुढे नऊ, मागे दहा. भोक 32 मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच, तळापासून सहा इंचांवर. फळी पाऊण इंची. त्यांचा गुण्या (काटकोन तपासायचे हत्यार) आजही भिंतीवर आहे, त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नाही. होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, सागात जोरात फिरवला तर दात जळतात. पुढून मधली पिन पलीकडे निघेपर्यंत पाडायचे, मग फळी उलटून मागून, नाहीतर भोकाची कड फाटते. पुढच्या फळीला आतून रंधा मारायचा नाही, उलट भोकाखाली करवतीने आडव्या खाचा द्यायच्या, म्हणजे पिल्लांचे पाय रुततात. तळाला चार कोपऱ्यांत सहा मिलिमीटरची छिद्रे, छपराखाली हवेला दोन. छप्पर पुढे दोन इंच बाहेर. एक बाजू बिजागरीवर, बाकी सगळे स्क्रूने. आतून रंग अजिबात नाही, बाहेरून जवसाचे तेल.

आता आमची नक्कल करणाऱ्या दुसऱ्या मालाविषयी. नाव घेत नाही, पण जळगाव-धुळ्यातल्या दुकानदारांना कळेल. आमचाच नमुना नेला आणि पातळ एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीत, निम्म्या किमतीत काढला. वर भोक दोन इंची, आणि बाहेर शोभेची दांडी! दोन इंचांतून साळुंकी आरामात शिरते आणि चिमणीला हुसकते. दांडी चिमणीला लागत नाही, कावळ्याला मात्र बसायला मिळते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा पातळ पेटीत पिल्ले भाजतात. पहिल्या पावसात एमडीएफ पापडासारखा फुगतो आणि डिंकाचे सांधे सुटतात. आमच्या मोठ्या ठोक गिऱ्हाइकाने ऐन फेब्रुवारीत, फळ्या कापून झाल्यावर, ऑर्डर तिकडे वळवली. वखारीची उधारी अंगावर आली, कारागीर सोडावे लागले. त्याहून झोंबले ते हे, की ज्यांचे खोपे रिकामे राहिले ते सांगत फिरले, ‘चिमण्या पेटीत येतच नाहीत.’ ते बोल आम्ही अजून ऐकतो.

कारखाना तगला तो अमळनेरच्या एका निवृत्त बाईंमुळे. त्यांनी आमचे तीन खोपे पूर्वेच्या भिंतीला, वळचणीखाली, नऊ फुटांवर, तीन-तीन फुटांच्या अंतराने लावले होते. चिमणीला शेजार लागतो, एकटा खोपा लावला तर बराच काळ ओसही राहतो. पश्चिमेची भिंत त्यांनी टाळली, हेही बरोबर. अंडी कधी, पिल्ले कधी उडाली, सगळे कॅलेंडरवर. अंड्यापासून उडेपर्यंत साधारण महिना लागतो, हे त्या येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत, आणि माणूस थेट आमच्याकडे पाठवत. दयाळ पक्ष्याची पेटीही त्यांनीच मागितली. तिला दोन इंची भोक लागते आणि ती चिमण्यांपासून लांब, बागेच्या दुसऱ्या टोकाला लावावी लागते. साळुंकी तीही बळकावते, म्हणून मागितल्याशिवाय आम्ही ती विकत नाही. पुढची वर्षे ठीक गेली.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय लाकूड कापू नये. घेणाऱ्यांनी बुलबुल, शिंजीर, शिंपी हे पक्षी पेटीत येण्याची वाट पाहू नये. ते आपले घरटे झाडाझुडपांतच करतात. बाजरी, तांदळाची कणी जरूर टाका, पण पिल्लांना अळ्याच लागतात. परसातल्या झाडांवर फवारणी केली तर दाण्याने भागत नाही. रोज पेटी उघडून पाहू नका. पिल्ले उडाली, पुन्हा काड्या येत नाहीत अशी खात्री झाली, की जुने घरटे काढून पेटी कडक पाण्याने धुवा, औषध मारू नका.

खोपा दिवाळीनंतर, फार तर जानेवारीत भिंतीला लागला पाहिजे. 19 मार्चला फोन करून ‘उद्या पन्नास नग हवेत’ म्हणणाऱ्यांना आम्ही त्या दुसऱ्यांचा पत्ता देतो.